वळणावर सरळ जाणारी स्लेड: स्नोमोबिलचं सस्पेन्शन आणि पकड कशी जुळवायची

हँडल पुरतं फिरवलं तरी स्लेड वळायचं नाव घेत नाही आणि सरळ झाडीकडे निघते. असा अनुभव आला की बहुतेक जण घरी येऊन आधी नवे कार्बाइड (स्कीखालचे कठीण धारदार तुकडे) आणि स्टड (ट्रॅकवर बसवायचे धातूचे टोकदार खिळे) शोधायला बसतात. पैसे खर्च होतात, सामान बसतं, आणि पुढच्या शनिवारी स्लेड पुन्हा तशीच सरळ जाते. फरक एवढाच की आता हँडल जड झालेलं असतं.

ट्रेलवर चालणाऱ्या स्लेडच्या बहुतेक तक्रारींचं मूळ वजनाच्या वाटपात असतं, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढच्या दोन स्कींवर किती भार आणि मागच्या ट्रॅकवर किती, हे एकदा जुळलं की निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात. त्यासाठी लागणारे पाने बहुतेक स्लेडच्या टूलकिटमध्येच असतात. पकड वाढवणारं सामान त्यानंतर घ्या. आधी घेतलंत तर चुकलेल्या वाटपावर पांघरूण पडतं, आणि कधी कधी ते वाटप आणखी बिघडतं.

हा लेख मुख्यतः ट्रेलवर चालवणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, ओंटारिओ, क्वेबेक अशा भागांत, साधारण १२० ते १४६ इंच ट्रॅकच्या स्लेडवर बसणाऱ्यांसाठी. पश्चिमेच्या डोंगरांतल्या खोल भुसभुशीत बर्फाचं गणित वेगळं असतं. त्याबद्दल शेवटी थोडंसं.

भार नेमका कुठे जातो

स्लेड जमिनीला तीन ठिकाणी टेकते: दोन स्की आणि एक ट्रॅक. ट्रॅकच्या आतल्या सांगाड्याला स्किड म्हणतात. त्यात दोन आर्म असतात, पुढचा आणि मागचा. पुढच्या आर्मवर एक शॉक असतो, त्याला सेंटर शॉक म्हणतात. मागच्या आर्मला एक शॉक आणि बहुतेक ट्रेल स्लेडमध्ये दोन टॉर्शन स्प्रिंग असतात. पुढच्या आर्मला एक पट्टा जोडलेला असतो, तो आर्मला ठरावीक मर्यादेपलीकडे खाली जाऊ देत नाही. हा लिमिटर स्ट्रॅप. स्की-डूच्या मॅन्युअलमध्ये त्यालाच स्टॉपर स्ट्रॅप म्हटलेलं असतं.

वळणाचं सगळं रहस्य या पुढच्या आर्ममध्ये आहे. तो खाली जोर लावतो तेव्हा स्लेडचं नाक वर उचललं जातं आणि स्कींवरचा भार कमी होतो. थ्रॉटल दिला की वजन मागे सरकतं, नाक आणखी हलकं होतं. सरळ रस्त्यावर वेग घेताना हे हवंच असतं, कारण ट्रॅक घट्ट रुततो. वळणाच्या मध्यावर मात्र तेच नको असतं. पुढे जे काही फिरवायचं, आवळायचं किंवा ढिलं करायचं आहे, ते या ओढाताणीत मधला बिंदू शोधण्यासाठी.

जुन्या स्लेडवर वाढलेल्या माणसांचे सल्ले नव्या स्लेडला जसेच्या तसे लावू नका. २००३च्या मॉडेल वर्षात स्की-डूने रेव्ह चॅसी आणली आणि चालकाची जागा बरीच पुढे नेली. पुढे बाकीच्या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. चालक पुढे आला की स्कींवरचा भार मुळातच वाढतो. नव्वदीतल्या स्लेडला पट्टा जितका आवळावा लागायचा, तितका आजच्या स्लेडला आवळला तर हँडल दगडासारखं जड होतं.

स्प्रिंगला हात लावण्याआधी

इंजिन बंद, चावी काढलेली, टेथर (चालकाला बांधायची, सुटताच इंजिन बंद करणारी दोरी) सुटा. स्किडमधली सगळी ग्रीसची ठिकाणं भरून घ्या. आर्म सुकलेले असतील तर सस्पेन्शन मध्येच अडकतं आणि पुढची सगळी मापं खोटी निघतात. स्की, ए-आर्म आणि टाय-रॉड हाताने हलवून ढिलेपणा तपासा. बुश गेलेलं असेल तर आधी ते बदला. झिजलेल्या बुशवर केलेली जुळवणी दुसऱ्या दिवशी हलते.

मग ट्रॅकचा ताण. तो मोजायची रीत कंपनीगणिक वेगळी आहे. पोलारिसच्या अनेक मॉडेलमध्ये मागच्या चाकाच्या १६ इंच पुढे, ट्रॅकच्या मध्यभागी १० पौंडांचं वजन टांगतात आणि स्लायडर (ट्रॅक ज्यावर घसरतो ती पट्टी) ते ट्रॅक ही फट मोजतात. ती साधारण एक इंच हवी. स्की-डूमध्ये ७.३ किलोचा जोर लावून मोजतात. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या, शेजाऱ्याच्या स्लेडवरून नको. ट्रॅक फार ढिला असेल तर जोरात थ्रॉटल किंवा ब्रेक दिल्यावर ड्राइव्ह स्प्रॉकेटचे दात सुटून कटकट आवाज येतो. फार घट्ट असेल तर इंजिनची ताकद वाया जाते आणि स्लायडर लवकर झिजतात.

ताणानंतर ट्रॅक मध्यभागी चालतो का ते पाहायचं. मागची बाजू गार्ड असलेल्या स्टँडवर उचला, इंजिन चालू करून ट्रॅक अगदी सावकाश फिरवा, आणि मागे कुणालाही उभं राहू देऊ नका. फिरत्या ट्रॅकमधून सुटलेला स्टड किंवा बर्फाचा खडा गोळीसारखा येतो. ट्रॅक नेहमी ढिल्या बाजूकडे सरकतो, म्हणून तो डावीकडे जात असेल तर इंजिन बंद करून, मागच्या अ‍ॅक्सलचा बोल्ट सैल करून, डावीकडचा समायोजन बोल्ट पाव फेरा आवळा. पुन्हा फिरवून पाहा. मध्यावर आला की अ‍ॅक्सलचा बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. हे विसरणारे बरेच असतात.

स्लायडर, ज्याला हायफॅक्सही म्हणतात, प्लास्टिकचा असतो आणि बर्फ हेच त्याचं वंगण. त्यावर झिजेची रेघ असते. तिथवर आला की बदला. टणक बर्फाच्या ट्रेलवर तो भराभर झिजतो. तिथे आइस स्क्रॅचर खाली सोडले तर ते बर्फ खरवडून स्लायडरवर आणि टनेलमधल्या (ट्रॅकवरच्या बोगद्यासारख्या आवरणातल्या) हीट एक्स्चेंजरवर उडवतात, म्हणजे इंजिनही गार राहतं. रिव्हर्स घेताना ते वर अडकवायला विसरू नका. केबलचे नवे प्रकार मागे जाताना वाकतात, जुने मोडतात.

स्की आणि कार्बाइड

स्लेड सरळ रस्त्यावर साप चालल्यासारखी डावी-उजवी होत असेल, म्हणजेच डार्टिंग करत असेल, तर इथूनच सुरुवात करा. दुसऱ्यांच्या कार्बाइडने ट्रेलवर चर पडलेले असतात आणि तुमच्या स्की त्या चरांत शिरून त्यांच्याच वाटेने जायला बघतात.

दोन्ही स्कींची टोकं एकमेकांकडे ओढणारा लवचीक दोर बांधा, म्हणजे स्टिअरिंगमधला ढिलेपणा मोजणीत येत नाही. हँडल बरोबर मध्यावर ठेवा आणि स्कींच्या पुढच्या व मागच्या भागातलं अंतर मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा किंचित जास्त हवं. बऱ्याच स्लेडना ० ते ३ मिलिमीटर, काहींना थोडं जास्त. पुढे अंतर कमी असणं कधीच चालत नाही. तशी स्लेड सरळ रस्त्यावरही थाऱ्यावर राहत नाही. टाय-रॉडचे लॉकनट सैल करून दोन्ही बाजूंना सारखे फेरे द्या, नाहीतर स्की सरळ आणि हँडल वाकडं अशी गत होते. दोन्ही टोकांना पुरेसे आटे आत राहिलेत याची खात्री करून नट आवळा.

आता स्की उचलून कार्बाइड पाहा. रनरच्या, म्हणजे स्कीखालच्या, सळईत बसवलेला हा कठीण तुकडा अर्ध्याहून जास्त झिजला किंवा त्याची धार गोल झाली, तर सस्पेन्शन कितीही जुळवा, वळणावर पुढचा भाग घसरणारच. सळई वाकलेली असेल तर ती बदला. वाकलेल्या सळईने स्लेड एका बाजूला ओढते. स्की आणि स्पिंडल यांच्यामधला रबरी ठोकळा दबून गेला असेल तर स्कीचं टोक खाली झुकतं आणि डार्टिंग वाढतं. हा रबरी तुकडा स्वस्त असतो आणि बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही.

सगळं ठीक असून चरांचा त्रास उरला असेल तर जोड कार्बाइडचे रनर घ्या, ज्यात एकाऐवजी दोन समांतर धारा असतात. ते एका चरात शिरत नाहीत. डार्टिंगसाठी खर्च करायचाच असेल तर माझ्या मते पहिला खर्च हाच.

सॅग: चालकाच्या वजनाचं माप

इथून खरी जुळवणी सुरू होते. सॅग म्हणजे चालक बसल्यावर मागचा भाग किती खाली येतो ते. टाकी भरा. अंगावर पूर्ण कपडे, बूट, हेल्मेट चढवा. हिवाळी कपड्यांचं वजन कमी नसतं, आणि घरच्या चपलांत बसून काढलेलं माप उपयोगाचं नाही. मदतीला एक माणूस लागेल.

मागचा बंपर धरून स्लेड वर ओढा, ट्रॅक जमीन सोडण्याच्या बेतात येईपर्यंत. जमीन ते बंपर उंची मोजा. मग नेहमीच्या जागी बसा, स्लेड दोन-तीनदा दाबून सोडा आणि पुन्हा उंची मोजा. घर्षणामुळे स्लेड दर वेळी थोड्या वेगळ्या ठिकाणी थांबते, म्हणून एकदा खाली दाबून हळू सोडल्यावर आणि एकदा वर उचलून हळू सोडल्यावर माप घ्या आणि सरासरी काढा. दोन उंचींमधला फरक म्हणजे सॅग. स्की-डूच्या मॅन्युअलमध्ये ५० ते ७५ मिलिमीटर योग्य धरतात. त्याहून जास्त असेल तर स्प्रिंग मऊ, कमी असेल तर कडक. बाकी कंपन्यांचे आकडे आणि मोजायच्या जागा वेगळ्या आहेत.

टॉर्शन स्प्रिंगच्या टोकाशी असलेला कॅम पान्याने फिरवून प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा आधीचा ताण, बदलतो. दोन्ही बाजूंचे कॅम एकाच आकड्यावर ठेवा आणि एकेक पायरीने चढवा. कॅम शेवटच्या आकड्यावर नेऊनही सॅग जास्तच येत असेल तर तुमच्या वजनासाठी ती स्प्रिंगच अपुरी आहे. जाड तारेची स्प्रिंग मिळते, ती बसवा. उलट, हलक्या चालकाला सर्वांत खालच्या आकड्यावरही सॅग कमी येत असेल तर मऊ स्प्रिंग. नवी स्लेड कंपनीतून सरासरी वजनाच्या माणसासाठी जुळवून येते. आपण त्या सरासरीत बसत असू असं धरून चालू नका.

पट्टा, सेंटर शॉक आणि स्की स्प्रिंग

वळणावरचा मुख्य दोष म्हणजे पुढचा भाग सुटणं: हँडल वळतं, स्की घासतात, पण स्लेड सरळ जाते. कार्बाइड चांगले असतील आणि सॅग बरोबर असेल, तर लिमिटर स्ट्रॅप एक भोक किंवा थोडेसे आटे आवळा. दोन पट्टे असतील तर दोन्ही सारखे. पट्टा आवळला की पुढचा आर्म कमी खाली जातो आणि स्कींवर भार येतो. पट्ट्याची लांबी बदलली की ट्रॅकचा ताणही बदलतो, म्हणून तो पुन्हा तपासणं इथे ऐच्छिक नाही.

पट्ट्याऐवजी, किंवा त्याच्या जोडीने, सेंटर शॉकच्या स्प्रिंगचा प्रीलोड कमी करता येतो. परिणाम त्याच दिशेचा, पण सौम्य. सेंटर शॉक फार मऊ केला तर पहिल्याच मोठ्या उंचवट्यावर तो तळाला आपटतो आणि धक्का थेट पोटरीत जाणवतो. म्हणून खडबडीत ट्रेलवर चालवणाऱ्यांनी आधी पट्टा आणि मग स्प्रिंग, असा क्रम ठेवावा.

आता उलटी तक्रार: वळणावर आतली स्की हवेत उचलली जाते. अनेकांचा अंदाज इथे फसतो. पुढचा भाग मऊ आहे असं समजून ते स्की स्प्रिंग आणखी कडक करतात, आणि स्की आणखी उचलली जाते. बऱ्याचदा कारण उलटं असतं: पुढच्या स्प्रिंग फार कडक, त्यामुळे नाक उंच आणि स्लेड वळणावर डोलते. स्की स्प्रिंगचा प्रीलोड एक फेरा कमी करा, नाक थोडं खाली येऊ द्या. पट्टा फार आवळलेला असेल तर तोही किंचित सैल करा, कारण स्कींना फार जास्त पकड मिळाली की स्लेड घसरायच्या ऐवजी उलटू पाहते. स्वे बार (वळणावरचं डोलणं रोखणारी दांडी) जोडलेला आणि त्याचे लिंक शाबूत आहेत ना, हेही पाहून घ्या.

थ्रॉटल दिल्यावर दोन्ही स्की हवेत जात असतील तर वजन मागे फार सरकतंय. पट्टा आवळण्याशिवाय इथे कपलिंगचा उपयोग होतो: पुढचा आणि मागचा आर्म एकमेकांना किती बांधलेले आहेत त्याची पातळी. काही स्लेडमध्ये त्यासाठी फिरवायचे ठोकळे असतात, काहींत आकडे असलेली कळ. कपलिंग वाढवलं की स्लेड वेग घेताना सपाट राहते; कमी केलं की नाक जास्त उचलतं.

आणि मागून लाथ बसावी तसा मागचा भाग उडतो? तिथे रिबाउंडकडे बघा.

क्लिकर आणि हवेचे शॉक

शॉकवर क्लिकर असतील तर आधी ते पूर्ण बंद करून, म्हणजे कडक टोकाला नेऊन, तिथून किती क्लिक उघडे होते ते लिहून ठेवा. कंप्रेशनचा क्लिकर दाबलं जाणं रोखतो, रिबाउंडचा परत उघडणं. एका वेळी दोन क्लिक, त्याहून जास्त नाही.

रिबाउंड फार वेगवान असेल तर उंचवट्यानंतर मागचा भाग वर उडतो. फार हळू असेल तर एक फसवी गोष्ट होते: एकामागून एक खड्डे आले की शॉकला पूर्ण उघडायला वेळच मिळत नाही, प्रत्येक खड्ड्यागणिक तो आणखी खाली बसत जातो आणि दहाव्या खड्ड्यावर तळाला आपटतो. चालकाला वाटतं स्प्रिंग मऊ आहे. तो प्रीलोड वाढवतो, आणि काहीच सुधारत नाही. पहिले दोन-तीन खड्डे मऊ आणि पुढचे कडक लागत असतील तर रिबाउंड दोन क्लिक मोकळा करा. असे रांगेतले खड्डे शनिवारी दुपारनंतर, ग्रूमर (ट्रेल सपाट करणारं यंत्र) फिरून बराच वेळ झाल्यावर, भरपूर मिळतात.

स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारे शॉक, उदाहरणार्थ फॉक्स फ्लोट, थंडीत वेगळेच वागतात. गॅरेजमध्ये २० अंश सेल्सियसला ७० पीएसआय भरले आणि बाहेर उणे २० असेल, तर शॉक बाहेरच्या तापमानाला आल्यावर गेजवर साधारण ५८ दिसतील. म्हणून स्लेड बाहेर ठेवून, स्की जमिनीवरून उचलून, शॉक पूर्ण उघडा असताना हवा भरा. दोन्ही बाजू सारख्या. पंप जोडताना थोडी हवा नळीत जाते, त्यामुळे आकडा आधीपेक्षा कमी दिसतो. शॉक गळतोय असं समजून घाबरू नका.

चाचणी कशी घ्यायची

तीन-चार किलोमीटरचा एकच तुकडा निवडा, ज्यात एक सरळ पट्टा, एक लांब वळण, एक चिंचोळं वळण आणि थोडे खड्डे असतील. शॉकमधलं तेल थंडीत घट्ट असतं, म्हणून पंधरा-वीस मिनिटं चालवल्यावरच मत बनवा. एका फेरीला एकच बदल. खिशात छोटी वही आणि पेन्सिल ठेवा. बॉलपेन थंडीत चालत नाही आणि हातमोजा काढून फोनवर टाइप करायची हौस उणे २० मध्ये पहिल्याच मिनिटात फिटते.

बदल जाणवला नाही तर तो मूळ जागी परत न्या आणि दुसरी गोष्ट बदलून पाहा. तीन बदल एकदम केले आणि स्लेड सुधारली, तर कशाने सुधारली ते कधीच कळणार नाही. सगळ्यात आधी, काहीही बदलण्यापूर्वी, आहे ती स्थिती लिहून ठेवा, म्हणजे वाट चुकली तर मुक्कामाला परत येता येईल.

स्टड: शेवटी, आणि मोजून

टणक बर्फावर वेग घेताना ट्रॅक जागच्या जागी फिरतो आणि ब्रेक लावल्यावर स्लेड घसरत राहते. यावर स्टड हा खरा उपाय आहे. पण मागची पकड वाढली की ट्रॅक स्लेडला पुढे ढकलतो, आणि पुढच्या कार्बाइडला ती ढकल पेलली नाही तर वळणावर स्लेड सरळ जाते. ९६ स्टड बसवले तर पुढेही त्या तोडीचे कार्बाइड हवेत. १४४ बसवून जुन्याच झिजलेल्या रनरवर निघणं म्हणजे मूळ तक्रार पैसे देऊन विकत घेणं.

लांबी ठरवताना स्टडचं टोक ट्रॅकच्या लगच्या (ट्रॅकवरच्या रबरी दातांच्या) वर पाव ते तीन अष्टमांश इंच यावं, असा ठोकताळा आहे. जास्त लांब स्टड वाकतात आणि ट्रॅक फाडतात. टनेलमधल्या हीट एक्स्चेंजरला स्टड लागणार नाही याची खात्री करा. लागत असेल तर टनेल प्रोटेक्टर हवेतच, नाहीतर कूलंट बर्फावर सांडून स्लेड तिथेच बसते. एकपदरी ट्रॅकवर स्टड बसवायला कंपन्या सहसा मनाई करतात. मांडणी अशी करा की प्रत्येक स्टड बर्फात आपली नवी रेघ ओढेल. एकाच रेघेत दहा स्टड आले तर पहिला खणतो आणि बाकीचे त्याच चरात फुकट फिरतात. पहिल्या फेरीनंतर सगळे नट पुन्हा तपासा.

एवढी उस्तवार नको असेल तर लगमध्येच बारीक स्टड घातलेले तयार ट्रॅक मिळतात. कॅम्सोचा आइस रिपर त्यातला बऱ्याच जणांच्या ओळखीचा. पूर्ण स्टडइतकी पकड त्यात नाही, पण पुढच्या भागाशी तोल बिघडत नाही, आणि मिनेसोटाच्या साध्या ग्रूम केलेल्या ट्रेलवर बहुतेकांना तेवढं पुरतं. नियमाचंही बघा: मिनेसोटात डांबरी सार्वजनिक ट्रेलवर धातूचे स्टड चालत नाहीत. ३१ डिसेंबर १९७६ नंतर जन्मलेल्या इथल्या रहिवाशांना स्नोमोबिल सुरक्षा प्रमाणपत्रही लागतं, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांना.

खोल बर्फ, मागचा सोबती आणि भाड्याची स्लेड

खोल भुसभुशीत बर्फात स्लेडने तरंगायचं असतं, म्हणून तिथे पट्टा सैल ठेवून नाक वर येऊ देतात. तीव्र चढावर मात्र तोच आवळतात, नाहीतर नाक आकाशाकडे जातं. तिथे स्टडचा उपयोग नाही, उंच लगचा ट्रॅक हवा. मागे कुणी बसणार असेल तर सॅग दोघांना बसवून मोजा आणि टॉर्शन कॅम वर चढवा. एकट्याने निघताना तो परत उतरवायचं लक्षात ठेवा.

यलोस्टोनसारख्या ठिकाणी भाड्याने स्लेड घेणाऱ्यांना पाना लावता येत नाही, पण दोन गोष्टी हातात असतात. निघण्याआधी माझ्या वजनाला मागची स्प्रिंग लावून द्या, असं काउंटरवर सांगा. कॅम फिरवायला दोन मिनिटं पुरतात. आणि वळणाआधी थ्रॉटल सोडून सीटवर पुढे सरका, आतल्या बाजूला झुका, वळणाच्या मध्यानंतर हळूहळू थ्रॉटल द्या. शंभरएक किलोचा कपडे घातलेला माणूस वीतभर पुढे सरकला तरी स्कींवरचा भार लगेच जाणवतो.